बहात्तर मिनिटं

मुख्याध्यापक भेंडारकर सरांनी गोणपाटाचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं, तसा आत लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला.

"सोडा ते," सर म्हणाले.

मी सुतळी सोडली. आत अठ्ठावीस वस्तू होत्या. हातोडीची डोकी, पायऱ्यापायऱ्यांचे दंडगोल, चौकोनी ठोकळे. प्रत्येकाला तेल लावलेलं, प्रत्येक वस्तू वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. एक ठोकळा मी हातात घेतला. कडा अशा होत्या की बोट फिरवलं तर कापेल. नागपूरला आयटीआयमध्ये टर्नरच्या, म्हणजे लेथकामाच्या, वर्गात एकोणीस मुलगे आणि मी एकटी मुलगी. त्यातल्या दोघातिघांच्या हातूनच मी एवढं सफाईदार काम झालेलं पाहिलं होतं.

"उद्या बारा वाजता निरीक्षक येतात," सर म्हणाले. "नववीच्या पोरापोरींची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, एकेकावर चिकटवा आणि कार्यशाळेतल्या लांब टेबलावर मांडून ठेवा. चादर गभणे देईल."

"हे कुणी केलेत, सर?"

"केलेत कुणीतरी."

मी ठोकळा उलटा केला. बुडाला एक जुनी चिठ्ठी अर्धवट निघाली होती. कुणा मेंढे नावाच्या मुलाचं नाव, इयत्ता नववी, साल १९८४. आम्ही होतो १९९१ च्या डिसेंबरात. मेंढे आता कुठेतरी नोकरीला लागला असेल.

"हे मी नाही करणार," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. मला कार्यशाळेची निदेशिका म्हणून रुजू होऊन सहा महिने झाले होते आणि कायम व्हायला दीड वर्ष बाकी होतं. दोघांनाही हे ठाऊक होतं.

"लांजेवार बाई," ते शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं नाही. सांगितलं."

आमचं सावरटोल्याचं टेक्निकल हायस्कूल म्हणजे साधीच शाळा, पण आठवीपासून मराठी-गणिताच्या जोडीला फिटिंग आणि लेथकाम शिकवणारी. भाताच्या गिरण्यांचं गाव. आसपासच्या खेड्यांतली पोरं येत, ती दहावीनंतर कुठे कारखान्यात लागतील या आशेनं. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला कार्यशाळा होती. आत आठ व्हाइस होते, लोखंडाची पट्टी घट्ट धरून कानस मारायला. आणि चार लेथ होते, लोखंड गरगर फिरवून कातायचे, ताडपत्रीखाली झाकलेले. जूनमध्ये पहिल्या दिवशी मी ताडपत्री उचलून पाहिली होती. हँडलवर कित्येक वर्षांची धूळ होती.

पहिल्याच आठवड्यात मला घोळ कळला. आठवड्यात कार्यशाळेचे दोन तास, एक मंगळवारी, एक शुक्रवारी, प्रत्येकी पस्तीस मिनिटांचे. मुलं मैदान ओलांडून येत, हजेरी होई, एप्रन चढत. मग गभणे प्रत्येक कानस, प्रत्येक गुण्या वहीत सही घेऊन देत. गभणे म्हणजे आमचे कार्यशाळा परिचर, सावकाश, नेमका माणूस. शेवटी तीच हत्यारं मोजून परत घेत. जुलैत मी घड्याळ लावून बसले. खऱ्या कामाला उरत होती सात मिनिटं. व्हाइस आठ, मुलं अठ्ठावीस. एका मुलाच्या वाट्याला तासाला दोन मिनिटं.

त्या दिवसापासून मी एक वही केली. प्रत्येक तासाला कुणाचा हात कानशीवर किती वेळ होता, ते लिहायला लागले.

ऑगस्टमध्ये मी सरांकडे गेले होते. त्यांना म्हणाले, हे दोन सुटे तास काढून टाका आणि शनिवारी सकाळी तीन तास सलग द्या. एका शनिवारी चौदा मुलं, पुढच्या शनिवारी उरलेली चौदा. आमचे मंगळवार-शुक्रवारचे तास इतर शिक्षकांनी घ्यावेत, म्हणजे कुणाचं काही बुडणार नाही.

"वेळापत्रकाला हात लावायचा नाही," सर म्हणाले होते.

"मग निदान एक लेथ तरी चालू करा."

"लेथला तर मुळीच नाही."

मला वाटलं, आळशी माणूस. निवृत्तीची वाट बघत बसलाय. सहा महिने मी त्यांच्याबद्दल हेच समजत होते.

म्हणून त्या दिवशी गाठोडं तसंच टेबलावर ठेवून मी कार्यशाळेत आले आणि मुलांच्या पट्ट्या काढल्या. वर्षाचं काम होतं एकच. पन्नास मिलिमीटरचा लोखंडी चौकोन, चारी बाजू कानशीनं सरळ. आयटीआयमध्ये आम्हाला त्याला सहा तास लागले होते. इथे एकाचाही चौकोन झाला नव्हता. काहींची एक बाजू घासून झाली होती, काहींची अर्धी, काहींची नुसतीच ओरखडलेली.

गभणे दारात उभे राहून बघत होते.

"मॅडम, हे का करता जी?"

"उद्या हे मांडणार."

"हे?" ते जवळ आले. एक पट्टी उचलून उजेडात धरली. "नोकरी कच्ची आहे जी तुमची."

"माहीत आहे, भाऊ."

"घरी आई आहे म्हणता."

"आहे."

थोड्या वेळानं त्यांनी कपाटातून चादर आणून माझ्या हातात दिली. धुतलेली होती. "मले सरांनी सांगतलं चादर द्याची," ते म्हणाले. "चादरीवर काय ठेवाचं ते नाही सांगतलं."

दुसऱ्या दिवशी बाराला निरीक्षक आले. नेवासकर साहेब. उंच, अशक्त, हातात छापील तक्त्यांची फाइल. संस्थेचे सचिव त्यांच्यासोबत होते, सरांच्या हातात हार होता. मुलं भिंतीला लागून रांगेत उभी होती. सगळे टेबलापाशी आले आणि थांबले.

चादरीवर अठ्ठावीस अर्धवट पट्ट्या होत्या. प्रत्येकीपुढे चिठ्ठी. चिठ्ठीवर मुलाचं नाव आणि खाली एक ओळ. 'हातात कानस: ७४ मिनिटे.' 'हातात कानस: ४१ मिनिटे.' 'हातात कानस: ६८ मिनिटे.' टेबलाच्या टोकाला मी माझी वही उघडून ठेवली होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'जुलै ते डिसेंबर, एका विद्यार्थ्याची सरासरी ७२ मिनिटे.'

सचिवांचा चेहरा लाल झाला. सर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांची नजर टेबलावर होती.

"हा काय प्रकार आहे?" नेवासकर साहेबांनी विचारलं.

"नववीचं काम आहे, साहेब," मी म्हणाले. "झालं तेवढं."

"एकही जॉब पूर्ण नाही."

"नाही."

त्यांनी फाइल उघडली. "माझ्याकडे रकाना आहे, तयार जॉबची संख्या. इथे मी काय लिहू?"

"शून्य लिहा."

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "शून्य लिहिलं तर त्याखाली कारण लिहावं लागतं. जॉब अपुरे, म्हणजे अध्यापन अपुरं. त्याची जबाबदारी निदेशिकेवर येते. समजतंय ना तुम्हाला?"

"वही बघा साहेब. मिनिटं बघा."

"मिनिटांचा रकाना नाही."

"मग रकाना चुकला आहे," मी म्हणाले.

सचिव पुढे सरसावले. "बाई, तुम्ही बाहेर थांबा."

"थांबते. पण आधी साहेबांनी एक काम तरी हातात घेऊन बघावं."

नेवासकर साहेब निघूनच जातील असं मला वाटलं. पण त्यांनी टेबलावरून नजर फिरवली आणि एक पट्टी उचलली. ती सुगंधा पटलेची होती. सुगंधा रांगेत तिसरी उभी होती, दोन वेण्या, पायात स्लिपर. सायकलनं रोज सात किलोमीटर यायची.

"एक्याऐंशी मिनिटं," साहेबांनी वाचलं. "कोण ही?"

"मी जी."

"गुण्या आहे का?"

मी गुण्या दिला. काटकोन तपासायचं ते हत्यार त्यांनी सुगंधाच्या घासलेल्या बाजूला लावली आणि खिडकीकडे तोंड करून दोन्ही गोष्टी डोळ्यासमोर धरल्या. बाजू जरा जरी खालीवर असेल तर मधून उजेडाची रेघ दिसते. ते बराच वेळ बघत राहिले. गुण्या फिरवून दुसऱ्या टोकाला लावला. पुन्हा बघितलं.

"उजेड नाही," ते म्हणाले, जवळजवळ स्वतःशीच.

मग त्यांनी सुगंधाकडे वळून विचारलं, "लेथ येतो तुला?"

सुगंधानं एका दमात सांगितलं. हेडस्टॉक, टेलस्टॉक, चक, कॅरेज, टूल पोस्ट, कोणता भाग कशासाठी, कोणता कसा फिरतो. तिची लेथची आकृती वर्गात सगळ्यांत सुंदर असायची.

"छान. चल, चालू करून दाखव."

ती हलली नाही.

"काय झालं?"

"आमी हात नाही लावलो जी कधी," सुगंधा म्हणाली. "लावू देत नाहीत."

साहेब कार्यशाळेच्या टोकाला गेले, त्यांनी स्वतःच ताडपत्री ओढली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बटणाची लोखंडी पेटी त्यांनी उघडली. आत फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

"फ्यूज कुठे आहेत?"

गभणेंनी सरांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"माझ्या कपाटात," भेंडारकर सर म्हणाले.

"कधीपासून?"

"दहा वर्षं."

सचिव काहीतरी सांगायला लागले, मशीन जुनी आहेत, दुरुस्तीचा प्रस्ताव गेलाय. साहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं, टेबलापाशी आले आणि तक्त्यात लिहायला लागले. मला उलटं दिसत होतं तरी वाचता येत होतं. 'निदेशिकेचे अध्यापन...'

"ते लिहू नका," सर म्हणाले.

साहेबांचं पेन थांबलं.

सरांनी हातातला हार टेबलाच्या कडेला ठेवला. मग जे बोलले ते कुणाकडेही न बघता बोलले, समोरच्या पट्ट्यांकडे बघून.

"एकोणऐंशी साली मी इथं निदेशक होतो. मुख्याध्यापक नव्हतो. माझ्याजवळ एका तासाला चाळीस पोरं होती. चार लेथ, आठ व्हाइस आणि मी एकटा. एकदा मी व्हाइसवरच्या पोराचा हात सरळ करून देत होतो, अन् पाठीमागं लेथवर एका पोराची बाही फिरत्या चकात गेली. दोन बोटं गेली त्याची. चौकशी झाली. चाळीस पोरं एकट्या माणसाजवळ कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही. त्याचाही रकाना नव्हता. लिहिलं, निदेशकाचा निष्काळजीपणा."

त्यांनी टेबलावरची एक पट्टी सरळ केली.

"ते वाक्य मी बारा वर्षं पाठ म्हणतोय. मुख्याध्यापक झालो त्या दिवशी फ्यूज काढले. म्हटलं, मशीन चालणारच नाही तर कुणी लिहीलही कशाला. ते गाठोडंही मीच आणवलं होतं. ही बाई खोटं मांडायला नाही म्हणाली. तिच्यावर तेच वाक्य परत लिहू नका. लिहायचंच असेल तर वेळापत्रक मुख्याध्यापक करतो असं लिहा, अन् खाली माझं नाव घाला."

"भेंडारकर!" सचिव ओरडले.

"घाला नाव," सर म्हणाले. या वेळी त्यांनी सचिवांकडे सरळ बघितलं.

नेवासकर साहेबांनी लिहिलेलं खोडलं. खोडायला त्यांना फार आवडलं नसावं, त्यांचा तक्ता फार नीटनेटका होता. मग त्यांनी समासात आडवं काहीतरी लिहिलं. ते मला वाचता आलं नाही. जाताना त्यांनी माझी वही मागितली. मी म्हणाले, नक्कल करून देते, मूळ इथेच राहील. त्यांनी मान हलवली आणि नकलेची वाट बघत तासभर बसून राहिले. सचिव चहाही न घेता निघून गेले होते.

सगळे गेल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. माफी मागावी असं एकदा वाटलं, पण कशाची ते कळेना.

"तुम्ही मला ऑगस्टमध्ये का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? घाबरला असता तुम्ही." त्यांनी कपाटाकडे बघितलं. "किंवा नसता घाबरला. ते तर आणखी वाईट."

"सर, चाळीस नकोत. एका वेळी चौदाच असतील. सात माझ्याकडे व्हाइसवर."

"अन् लेथवरचे सात?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"काहून पाहता माझ्याकडे?" ते म्हणाले. मग समोरचं वेळापत्रक त्यांनी जवळ ओढलं. शनिवारच्या उभ्या ओळीवर बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली. मराठीचे बोरकर सर भांडतील, भूगोलवाल्या बाई रजेवर जातील, असं काहीबाही पुटपुटत होते. मग एकाखाली एक चौकोन खोडायला लागले.

बोरकर सर खरंच भांडले. स्टाफरूममध्ये म्हणाले, शनिवारची पहिली घंटा व्याकरणाची, ती काय लोहारकामाला द्यायची? मी म्हणाले, मंगळवार आणि शुक्रवार तुम्हाला मिळालेत, दोन घंटा, मोजून घ्या. त्यांनी मोजल्या. गभणेंनी आपणहून एक फळी आणली, तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगानं काढला आणि त्या आकारावर खिळा मारून हत्यार टांगलं. सह्यांची वही बंद. कोणती जागा रिकामी आहे ते दारातूनच दिसे. "वीस वर्षं सह्या घेतल्या जी," ते म्हणाले. "कुणी म्हटलंच नाही का नको म्हणून."

जानेवारीचा दुसरा शनिवार. साडेसातला चौदा मुलं हजर होती, सुगंधा पावणेसातपासूनच. सर आले ते बाह्या कोपरापर्यंत दुमडून. फ्यूज कागदात बांधून आणले होते. ते त्यांनी स्वतः बसवले. पहिला बसेना, दुसऱ्यांदा बसला.

"वेण्या आत," त्यांनी सुगंधाला सांगितलं. "एप्रनच्या आत, वर पिना लाव. बांगड्या काढ. बाही वर. आणखी वर. मशीन चालू असताना कुणी हाक मारली तरी वळून पाहायचं नाही. बाप आला तरी नाही. समजलं?"

"होय जी."

"म्हणून दाखव."

"बाप आला तरी वळून पाहाचं नाही जी."

लेथ सुरू झाला तेव्हा व्हाइसवरच्या सातही कानशी थांबल्या. मी रागावले नाही. पात्याचं टोक लोखंडाला लागलं आणि निळसर रंगाचा पातळ कीस गुंडाळत निघायला लागला. सर तिच्या खांद्याच्या मागे उभे होते, हात मागे बांधून. हात न लावता उभं राहणं त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं.

त्याच वेळी दारात संस्थेचा शिपाई आला. त्याच्या हातात लिफाफा होता.

"लांजेवार मॅडम कोण? सचिव साहेबांचं पत्र आहे. सही पाहिजे."

पत्रात काय असणार ते मला माहीत होतं. निरीक्षणाच्या दिवशी संस्थेची बदनामी केली, तीन दिवसांत खुलासा करा. सरांनाही माहीत होतं, त्यांचं वेगळं पत्र त्याच्याच दुसऱ्या हातात होतं.

माझा हात तेव्हा एका मुलाच्या हातावर होता, त्याची कानस सरळ धरून.

"थांबा," मी म्हणाले. "काम चालू आहे."

"मॅडम, फक्त सही..."

"अकराला सुटेल. बसा."

त्यानं सरांकडे बघितलं. सर वळलेसुद्धा नाहीत. लेथच्या आवाजातून त्यांचा आवाज आला, "बाईंनी सांगितलं ना, बस."

शिपाई स्टुलावर बसला. पहिला अर्धा तास तो लिफाफा गुडघ्यावर ठेवून दाराबाहेर बघत होता. मग स्टूल जरा पुढे ओढलं. नऊ वाजता त्यानं गभणेंना विचारलं की ती पोरगी चाक फिरवते ते कशासाठी. दहाला तो उठून लेथपासून चार हात दूर, गभणेंनी खडूनं आखलेल्या रेघेच्या अलीकडे उभा होता, दोन्ही लिफाफे काखेत दाबून. अकराला घंटा झाली तेव्हा त्याला आठवण करून द्यावी लागली की तो कशाला आला होता. मी सही केली. कागदावर तेलाचा अंगठा उमटला. पुसला नाही मी.

खुलासा एका ओळीचा लिहिला: 'मांडलेले सर्व काम विद्यार्थ्यांचेच होते.' तो वर पाठवताना मुख्याध्यापकांचा शेरा लागतो. सरांनी लिहिलं, 'खरे आहे.' आणि खाली पूर्ण सही ठोकली, तारखेसह.

जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली, ऐंशी किलोमीटरवर. कायम होण्याचा कागदही एक वर्ष उशिरा आला. सरांची शेवटची दोन वर्षं सचिवांनी सुखानं जाऊ दिली नाहीत. पण सावरटोल्याचा शनिवार त्यांना परत घेता आला नाही. त्या वर्षीच्या पालकसभेत सुगंधाचे वडील उभे राहिले. म्हणाले, पोरीनं घरच्या गिरणीचा मोडका दंडा शाळेत नेऊन नवा करून आणला, आता तो तास बंद करून दाखवा. ते ऐकायला मी तिथं नव्हते. गभणेंनी पोस्टकार्डावर कळवलं.

नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी माझं पत्र वाचलं, नाव वाचलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्हीच का त्या लांजेवार?"

"हो," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. "सर, इथं वेळापत्रक कोण करतं?"